वाळा साप : ओळख, जीवनक्रम व गैरसमज

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत, अलिबाग-मुरुडपासून खाली श्रीवर्धनपर्यंत, एक प्रकार दरवर्षी हटकून घडतो. न्हाणीच्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी, सुपारीच्या आळ्यात किंवा उकिरडा उपसताना, वीतभराहूनही आखूड असा, काळसर, चकचकीत आणि सुतळीएवढा बारीक जीव वळवळताना दिसतो. कोणी त्यास गांडूळ समजून बाजूस सारतो. कोणी सापाचे पिल्लू म्हणून तेथेच ठेचून टाकतो आणि मग ‘पिल्लू आहे तर आई जवळच असणार’ ह्या विचाराने घरातील सर्व मंडळी रात्रभर जागी राहतात. हा जीव गांडूळ नव्हे आणि कोणाचे पिल्लूही नव्हे. तो पूर्ण वाढलेला साप असून त्याचे नाव वाळा होय.

पीकसंरक्षणाच्या पुस्तकांत वाळ्याचे नाव सहसा आढळत नाही. तो पिकाचे मूळ, बी, रोप किंवा फळ ह्यांपैकी काहीही खात नाही. असे असता शेतीविषयक पत्रिकेत त्याचा विचार करण्याचे कारण काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कारण हे, की ह्या निरुपद्रवी सापाच्या भीतीने माणसे स्वतःचे व जमिनीचे बरेच नुकसान करून घेतात. गांडूळखताच्या खड्ड्यात दोन वाळे निघाले म्हणून खड्डाच मोडून टाकणे, घरात साप येऊ नयेत म्हणून उंबरठ्यावर शेतातील विषारी दाणे पसरणे, हे प्रकार किनारपट्टीस नवे नाहीत. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘बारीक साप म्हणजे वाळा, त्यास भिण्याचे कारण नाही’ असे अर्धवट ज्ञान पसरले, तर एखादे मूल फुरशाच्या पिल्लास हात लावील. ग्रामस्तरावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने ह्या विषयावर बोलण्यापूर्वी ओळख पक्की करून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

वाळ्याची ओळख

वाळ्याची लांबी सामान्यतः दहा ते सतरा सेंटिमीटर असते. जाडी पेन्सिलीतील शिशाहून थोडी अधिक, एवढीच. रंग काळा, गडद तपकिरी किंवा जांभळट करडा असून पोटाकडील बाजू किंचित फिकी असते. कात टाकण्याच्या सुमारास मात्र तोच साप दुधाळ निळसर दिसतो, आणि मग ‘ही निराळीच जात’ अशी समजूत होते. डोके व शेपूट दोन्ही बोथट आणि सारख्याच जाडीची असल्यामुळे तोंड कोणते व शेवट कोणता हे पहिल्या दृष्टिक्षेपात कळत नाही. दुतोंड्या सापाची कल्पना येथूनच निघाली असावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेला निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल ह्याने विशाखापट्टणकडील सापांची माहिती जमविली. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ह्या सापाचे जे तेलुगू नाव दिलेले आहे, त्याचाही अर्थ दोन डोक्यांचा साप असाच होतो. रसेलच्या ह्या वर्णनावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ ह्याने १८०३ साली त्यास शास्त्रीय नाव दिले.

गांडूळ व वाळा ह्यांतील भेद ओळखण्यास हात लावण्याची गरज नाही. दोन हात दूर राहून थोडा वेळ पाहिले तरी पुरे. गांडुळाचे अंग ओलसर, बुळबुळीत व कड्याकड्यांचे असते आणि ते आखडत व लांबत सरकते. वाळ्याचे अंग कोरडे असून काच घासून पुसावी तसे चमकते. तो आखडत नाही, तर नागमोडी वळणे घेत झपाट्याने पळतो आणि मऊ माती मिळताच तीत नाहीसा होतो. नीट पाहिल्यास तोंडातून बारीक फिकी जीभ आतबाहेर होताना दिसते. गांडुळास जीभ नसते. डोक्याच्या दोन्ही बाजूंस खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतात, तेच त्याचे डोळे. त्यांनी आकार दिसत नाहीत. उजेड आणि अंधार एवढाच भेद त्यास कळतो, आणि जमिनीखालच्या आयुष्यास तेवढा पुरेसा आहे.

इतर सापांच्या पोटाखाली रुंद आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या आधारे साप जमिनीवर सरकतो. वाळ्यास अशा पट्ट्या नाहीत. पाठीवर जसे खवले, तसेच ते पोटावर. अंगाभोवती त्यांच्या वीस रांगा मोजता येतात. मातीच्या बिळात वर, खाली आणि बाजूला सर्वत्र मातीच असल्यामुळे पाठ व पोट असा भेद करण्याचे त्याला प्रयोजनच उरत नाही. शेपटीच्या टोकास एक बारीक काटा असतो. हा काटा मातीत रोवून त्याच्या आधारे तो पुढे रेटा देतो. वाळा हातात धरल्यास तो हाच काटा तळहातास टोचतो, क्वचित दुर्गंधीयुक्त द्रावही सोडतो, आणि धरणारा ‘चावला, चावला’ म्हणून ओरडतो. वास्तविक वाळ्याचे तोंड इतके लहान आणि डोक्याच्या खालच्या अंगास असते, की त्याने माणसाच्या कातडीस चावा घेणे शक्य नाही. विषाचे दात तर त्यास मुळीच नाहीत.

वाळ्यासारखे दिसणारे इतर जीव

किनारपट्टीत व लगतच्या डोंगरउतारांवर वाळ्याशी घोटाळा होण्यासारखे आणखीही काही प्राणी आहेत. चंचुवाळा हा त्याच गोत्रातला, पण आकाराने बराच मोठा साप. त्याची लांबी दोन फुटांपर्यंत जाते आणि तोंडाचा पुढचा भाग पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला असतो. तो भारतीय द्वीपकल्पाबाहेर कोठेही आढळत नाही, आणि तोही पूर्णपणे बिनविषारी आहे. घाटमाथ्याकडे खापरखवल्या सापडतो. त्याची शेपूट तिरपी कापल्यासारखी असून तिच्यावर खरखरीत ढाल असते. देवगांडूळ हा तर सापच नव्हे. तो बेडकांच्या वर्गातील पाय नसलेला उभयचर प्राणी असून त्याचे अंग ओलसर व वळ्यावळ्यांचे असते. येथे नावांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. खंडाळ्याच्या परिसरातून १९६० साली वर्णन केलेल्या देवगांडुळाचे शास्त्रीय नाव ‘इंडोटिफ्लस’, आणि वाळ्याचे २०१४ पासूनचे नाव ‘इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस’. दोहोंतही ‘आंधळा’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पुस्तकातून माहिती काढणाऱ्याने एक अक्षर इकडचे तिकडे केले, तर सापाऐवजी बेडकाच्या भावकीत जाऊन पडेल. जुन्या ग्रंथांत वाळ्याचे नाव ‘टिफ्लॉप्स’ व पुढे ‘रॅम्फोटिफ्लॉप्स’ असे आढळते. प्राणी मात्र तोच.

मांडूळ व डुरक्या घोणस हेही जमिनीत राहणारे साप असले, तरी ते मनगटाएवढे जाड होतात, त्यामुळे वाळ्याशी त्यांची गल्लत होत नाही. मांडुळास दोन तोंडे असतात, त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, अशा भाकडकथा पसरवून त्याचा चोरटा व्यापार चालविणारी माणसे राज्यात वेळोवेळी पकडली गेली आहेत. मांडुळास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून तो पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. अशा व्यवहारात पैसे गुंतविणारा शेतकरी पैसाही गमावतो आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडतो.

खरी काळजी घ्यावयाची ती फुरसे व मण्यार ह्यांच्याबाबत. फुरशाचे नवजात पिल्लू केवळ आठ-दहा सेंटिमीटर लांब असते, म्हणजे वाळ्यापेक्षाही आखूड. आणि ते जन्मापासून विषारी असते. कातळावर, वरकस जमिनीतील दगडांखाली, बांधाच्या गडग्यात त्याचे वास्तव्य असते. त्याचे डोके मानेहून रुंद, अंगाचे खवले खरखरीत आणि पाठीवर फिकी नक्षी असते. मण्यारीचे पिल्लू काळे, गुळगुळीत व चमकदार असल्याने फसगत होण्याचा संभव अधिक; परंतु त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात आणि डोळे स्पष्ट दिसतात. लांबी आणि जाडी ह्यांवरून निर्णय घेऊ नये. अंगावर पट्टा, ठिपका वा कोणतीही नक्षी असेल, डोके मानेपासून वेगळे दिसत असेल, किंवा डोळे ठळक असतील, तर तो वाळा नव्हे असेच धरून चालावे. संशय असल्यास हात लावू नये; भ्रमणध्वनीवर दुरून छायाचित्र घेऊन जाणकारास दाखवावे. मुलांना तर ‘कोणताच साप हाती धरावयाचा नाही’ हा एकच नियम सांगावा. वाळा निरुपद्रवी आहे हे त्यांना कळावे, पण तो उचलून दाखविण्याचा खेळ करू नये.

आहार

वाळ्याचा आहार म्हणजे मुंग्यांची व वाळवीची अंडी, अळ्या आणि कोष, तसेच वाळवी. जमिनीखालील वारुळांत शिरून तो ती खातो. त्याचे दात फक्त वरच्या जबड्यात असतात. हा वरचा जबडा पुढेमागे झपाट्याने हलतो आणि फणीने ओढावे तसे भक्ष्य घशात ओढले जाते. मोठे साप जबडा फाकवून एकच मोठे भक्ष्य सावकाश गिळतात. वाळ्याची रीत अगदी उलट, लहान लहान पुष्कळ घास आणि तेही घाईघाईने. ज्याच्या घरात शिरून त्याचीच मुले खावयाची, त्याच्या दारात फार वेळ रेंगाळणे परवडत नाही, असे ह्याचे कारण अभ्यासक मानतात. मुंग्यांच्या चाव्यापासून त्याचे एकावर एक घट्ट बसलेले गुळगुळीत खवले त्याचा बराच बचाव करतात.

वाळवी खाण्याची त्याची एक तऱ्हा २०१५ साली जपानमधील अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. वाळवी पुष्कळदा मागच्या बाजूने तोंडात घेतली जाते. मग वाळा आपले तोंड जमिनीवर घासतो, तिचे डोके तुटून पडते आणि उरलेले मऊ शरीर तो गिळतो. डोक्यासकट गिळलेल्या वाळवीची डोकी न पचता विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडलेली त्यांना आढळली. न पचणारा भाग आधीच टाकून देण्याची ही युक्ती आंधळ्या सापाने साधली आहे, हे विशेष.

आता प्रश्न येतो तो उपयोगाचा. वाळा वाळवी खातो, तेव्हा नारळाच्या रोपांना लागणारी वाळवी त्याच्यावर सोपवून स्वस्थ बसावे काय? असे मुळीच नाही. वाळवीच्या एका वारुळात लक्षावधी कीटक असू शकतात आणि राणी रोज हजारो अंडी घालते. सुतळीएवढ्या सापाने खाल्लेल्या वाळवीने त्या संख्येत मोजण्याइतका फरक पडत नाही. कीडनियंत्रक म्हणून वाळ्याची भलावण करणे म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल होय. वाळवीसाठी जे करावयाचे ते केलेच पाहिजे. आळ्यात कच्चे शेणखत घालू नये, पूर्ण कुजलेलेच घालावे. वाळकी झावळी, सडकी लाकडे व जुने बुंधे वाडीत रोपांजवळ ठेवू नयेत. रोपांच्या बुडाशी मातीच्या नळ्या दिसताच त्या मोडून पाहणी करावी. वाळा जमिनीत असण्याचा अर्थ इतकाच, की तेथे ओल आहे, पालापाचोळा आहे, मातीत हवा खेळते आहे आणि मुंग्या-वाळवीची वसाहतही जवळपास आहे. ही खूण वाचता आली, तर वाळ्यापासून शेतकऱ्यास तेवढा उपयोग निश्चित आहे.

परदेशातील एक उदाहरण मात्र मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका जातीच्या लहान घुबडांच्या घरट्यांत जिवंत आंधळे साप आढळले. ते साप आपल्या वाळ्याच्या दूरच्या नात्यातील. इतर भक्ष्य घुबडे मारून आणतात, हे साप मात्र जिवंत राहिले आणि घरट्यातील कचऱ्यात कीटकांच्या अळ्या खात राहू लागले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासानुसार, ज्या घरट्यांत असे साप होते तेथील पिल्ले अधिक वेगाने वाढली आणि कमी मेली. लहानशा, बंदिस्त जागेत अशा सापाचा परिणाम दिसू शकतो. एकरभर वाडीत तो दिसावयाचा नाही.

नराविना वंशवृद्धी

वाळ्याच्या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे त्याचे पुनरुत्पादन. ह्या जातीत नर नाहीत. जगभर तपासलेले वाळे मादीच निघाले आहेत. मादी नराच्या संयोगाशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मास येतात. एका वेळी साधारणतः दोन ते आठ अंडी असतात; ती तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी लांबट व पांढरी दिसतात. त्यांतून निघालेले पिल्लू सुमारे पाच सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखे बारीक, पण रूपाने अगदी आईसारखे असते.

१९८७ साली ह्या सापाच्या पेशींची तपासणी झाली, तेव्हा त्यांत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच नसून तीन संच, एकूण बेचाळीस गुणसूत्रे, आढळली. ही गोष्ट शेतकऱ्यास समजावून सांगणे कठीण नाही. केळीचे उदाहरण घ्यावे. आपण खातो ती बसराई केळही तीन संचांचीच आहे. तिला बी धरत नाही, आणि तिची लागवड मुनव्यापासून करावी लागते. मुनव्यापासून वाढलेले प्रत्येक झाड आईचीच प्रत असते. वाळ्याची प्रत्येक मुलगी तशीच आईची प्रत होय. केळीस मुनवा लावण्यास माणूस लागतो, वाळा ते काम अंड्याद्वारे स्वतःच करतो, एवढाच फरक.

ह्याचा परिणाम असा झाला आहे, की दक्षिण आशियाच्या ह्या भागातील मूळचा मानला जाणारा साप आज जगातील सर्वांत अधिक ठिकाणी पसरलेला साप ठरला आहे. झाडाच्या मुळांभोवती राहिलेल्या मातीच्या गड्ड्यातून, फुलझाडांच्या कुंड्यांतून तो जहाजावर चढला आणि सेशेल्स, हवाई, मेक्सिको, फ्लोरिडा, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथपर्यंत पोहोचला. इंग्रजीत त्याला कुंडीतील साप अशा अर्थाचे नाव पडले ते ह्यामुळेच. इतर बहुतेक प्राण्यांना नव्या मुलखात वंश वाढवावयाचा तर सामान्यतः नर व मादी दोघांनी पोहोचणे आवश्यक असते. वाळ्याचे एक अंडेदेखील पुरते. हवाई बेटांवर जमिनीवर राहणारे मूळचे साप नव्हतेच. तेथे आता वाळा स्थायिक झाला आहे. रायगडातील रोपवाटिकांतून कलमे व शोभेची झाडे मुंबईस जातात, त्यांच्या पिशव्यांतील मातीतूनही हा प्रवास घडू शकतो. शहरात उंच इमारतीच्या गच्चीवरील कुंडीत साप निघाला म्हणून गोंधळ उडतो, त्याचे उत्तर पुष्कळदा येथे असते.

पावसाळ्यातच तो का दिसतो

वाळा बाराही महिने जमिनीत असतो. केवळ तो दिसत नाही. उन्हाळ्यात वरची माती तापते व सुकते, तशी ओल खाली जाते आणि ओलीच्या मागोमाग वाळाही खाली जातो. कोरड्या, तापलेल्या जागी तो फार वेळ जगू शकत नाही. जून-जुलैत किनाऱ्यावर पावसाची झड लागली, की मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात आणि श्वास घेण्यासाठी त्यास वर यावे लागते. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो, तेथे जमिनीखालच्या जिवांनी घराचा आसरा घ्यावा यात नवल नाही. सारवलेल्या जमिनीच्या भेगा, जोत्याच्या दगडांतील फटी, न्हाणीचे सांडपाण्याचे भोक, ह्या त्याच्या वाटा होत. तो माणसाच्या शोधात येत नाही.

वर आलेल्या वाळ्यास शत्रूही पुष्कळ. कोंबडी त्यास गांडुळासारखी उचलते, मांजर खेळवून मारते, बेडूक गिळतात, मण्यारीची पिल्लेही त्यास खातात. अंगणात नेहमी दिसणारा भेक तिमोर बेटावरही पोहोचला आहे. तेथे अशा एका भेकाने गिळलेला वाळा त्याच्या आतड्यांतून प्रवास करून मागील बाजूने जिवंत बाहेर पडल्याची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. तो पुढे काही तासांनी मेला खरा. परंतु त्याच्या घट्ट खवल्यांची व चिवटपणाची कल्पना त्यावरून येते.

कानात शिरण्याची भीती आणि खरा धोका

‘वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो’ हा समज केवळ कोकणातच नाही. दक्षिणेत तमिळ मुलखातही ह्या सापास कानाशी जोडणारे नाव आहे. मुंग्यांच्या वारुळाचा शोध घेणाऱ्या सापास माणसाच्या कानात मिळण्यासारखे काही नाही. तरीही ह्या समजाची केवळ टिंगल करून कार्यकर्त्याने पुढे जाऊ नये, कारण त्याच्या मुळाशी पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून निजण्याची रीत आहे, आणि ह्या रीतीत खरा धोका आहे. तो वाळ्याचा नव्हे, मण्यारीचा.

मण्यार रात्री फिरते, उंदीर व इतर सापांच्या शोधात घरात येते आणि अंथरुणात उबेस शिरते. झोपलेल्या माणसाने कूस बदलली, की ती चावते. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते. कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि पुढे श्वास बंद पडू लागतो. घरची मंडळी अपचन समजून ओवा-हिंग देत बसतात किंवा बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकास बोलावितात. तेवढ्यात मोलाचा वेळ निघून जातो. पावसाळ्यात पहाटे धडधाकट माणसाच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारीचा दंश झाला असावा असे धरून त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, आवळून दोरी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस उपलब्ध आहे, आणि अशी लस तयार करण्याचे काम मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेत पूर्वीपासून होत आले आहे. तिला दुसरा पर्याय नाही.

उपाय साधा आहे. पावसाळ्याचे चार महिने तरी खाटेवर निजावे आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. खाट नसेल तर जमिनीवरील अंथरुणासही मच्छरदाणी खोचून वापरावी. त्यामुळे मण्यारही दूर राहते, डासही दूर राहतात, आणि कानाची भीती असलेल्यासही सुखाने झोप लागते.

घरात वाळा दिसल्यास काय करावे

प्रथम वर सांगितल्याप्रमाणे तो वाळाच असल्याची खात्री करावी. मग जाड कागद किंवा केरभरणी पुढे धरून, केरसुणीने त्यास हलकेच तीवर ढकलावे आणि अंगणाबाहेर सावलीच्या, ओलसर पालापाचोळ्यात सोडावे. उन्हात किंवा कोरड्या फरशीवर टाकू नये. वारंवार येत असतील तर न्हाणीच्या भोकास बारीक तारेची जाळी बसवावी, जोत्याच्या फटी चुना वा सिमेंटने बुजवाव्यात आणि भिंतीलगत ओली माती, विटांचे ढीग व कुजका पाला साठू देऊ नये.

साप घालविण्याकरिता घरात फोरेटची दाणेदार कीटकनाशके टाकण्याची चाल मात्र तत्काळ थांबली पाहिजे. गावोगाव त्यास थिमेट म्हणतात. हे अत्यंत तीव्र विष असून ते कातडीतून आणि श्वासावाटेही अंगात भिनते. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्या वापरास बंदी आहे. तरीही जुना साठा माळ्यावर, गोठ्याच्या वळचणीस पडून असल्याचे आढळते. उंबरठ्यावर पसरलेल्या त्या दाण्यांनी रांगणारे मूल, कोंबडी, कुत्रा ह्यांच्या जिवास धोका होतो. पावसाने ते विहिरीच्या पाण्यात उतरतात. जेथे असा साठा असेल तेथे तो पुरावा किंवा जाळावा असे कार्यकर्त्याने सांगू नये. न उघडता, मुलांच्या हाती न लागेल असा बंद ठेवून कृषी कार्यालयास कळवावे.

गांडूळखताच्या खड्ड्यातील वाळे

गांडूळखताच्या खड्ड्यात वाळे निघाले, म्हणजे ते गांडुळे फस्त करणार अशी शंका शेतकरी घेतात, आणि स्त्रिया खत हाताने चाळण्यास भितात. वाळा खड्ड्यात येतो तो गांडुळांसाठी नव्हे, मुंग्यांसाठी. त्यामुळे वाळे वारंवार दिसू लागले, की खड्ड्यात मुंग्यांनी घर केले आहे काय, हे पाहावे. मुंग्या मात्र गांडुळांच्या खऱ्या वैरी होत. ओल कमी पडून खड्ड्याचा कोपरा कोरडा झाला असेल तेथे त्यांची वस्ती हमखास सापडते. अशा जागी पाणी शिंपडून ओल सारखी करावी, आणि खड्ड्याभोवती किंवा वाफ्याच्या पायांशी वीतभर रुंदीची चर खणून तीत पाणी ठेवावे. खड्ड्यात कोणतेही कीटकनाशक टाकू नये. त्याने मुंग्यांबरोबर गांडुळेही मरतात. खत काढण्यापूर्वी तीन-चार दिवस पाणी देणे थांबवून खताचे ढीग उजेडात करावेत. गांडुळे उजेड टाळून तळाशी जातात, वाळाही तसाच खाली सरतो, आणि वरचे खत हातमोजे घालून किंवा खुरप्याने निवांतपणे बाजूस काढता येते. ढिगाच्या तळाचा थर पुन्हा खड्ड्यात टाकावा. गांडुळे त्यातच असतात.